पत्र्याला सोल्डर का धरत नाही? लिक्विड फ्लक्स निवडण्यापासून धुण्यापर्यंत

पितळी पत्र्याचा आकाशकंदील करायचा म्हणून मी पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात घेतली, तेव्हा सोल्डरचे, म्हणजे धातू जोडणाऱ्या मऊ मिश्रधातूचे, थेंब पत्र्यावरून अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे घरंगळले. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून आणलेली सोल्डरिंग पेस्टची चपटी डबी अर्धी संपवली, आयर्न बदलली, सोल्डर बदललं. शेवटी तो तुकडा पिशवीत घालून नाना पेठेतल्या एका रेडिएटर दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी पत्र्यावर नखानं ओरखडा काढला आणि म्हणाले, "ताई, वरनं लॅकर मारलंय की ह्याला, पारदर्शक वार्निश. आधी ते काढा. आणि ही पेस्ट रेडिओवाल्यांची. पत्र्याला पाणी लागतं."

"पाणी" म्हणजे लिक्विड फ्लक्स, सोल्डर धातूला धरावं म्हणून आधी लावायचं द्रव रसायन. त्यांनी एका कळकट बाटलीतलं दोन थेंब ब्रशनं लावलं, आयर्न टेकवली, चर्रर्र झालं आणि सोल्डर सांध्यात आपोआप ओढलं गेलं. त्या दोन थेंबांमागचं सगळं समजायला मला पुढची दोन वर्षं, एक खराब झालेला व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) आणि हातावरचा एक डाग एवढा खर्च आला. तुमचा खर्च कमी व्हावा म्हणून हे लिहितेय. हे छंदापुरतं, घरातल्या कामाचं आहे. गॅसची पाइपलाइन, प्रेशरची भांडी असल्या कामांना यातलं काहीही लावू नका.

१. दुकानात जाण्याआधी तीन प्रश्न

"फ्लक्स द्या" असं म्हटलं की दुकानदार हाताला लागेल ती बाटली देतो, आणि त्यात त्याची चूक नसते. "कापड द्या" म्हटल्यावर त्यानं काय द्यावं? आधी स्वतःला विचारा:

- धातू कोणता? तांबं, पितळ, कल्हईचा पत्रा, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा), साधं लोखंड, स्टेनलेस, ॲल्युमिनियम?
- किती तापवणार? आयर्ननं दोन-अडीचशे अंशांपर्यंत, की गॅसच्या टॉर्चनं लाल होईपर्यंत?
- काम झाल्यावर ती वस्तू पाण्यात बुडवून धुता येईल का?

तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि सगळं नुकसान तिथंच होतं. सर्किट असं धुता येत नाही, म्हणून त्याला ॲसिड फ्लक्स (ॲसिड असलेला, पत्र्याच्या कामाचा) लावायचाच नाही. आतून पोकळ, बंद नळीच्या वस्तूचंही तेच. आत गेलेला फ्लक्स बाहेर येत नाही आणि महिन्याभरानं सांध्यातून हिरवं पाणी पाझरायला लागतं.

२. बाटलीत नेमकं असतं काय

धातू दिसायला स्वच्छ असला तरी हवेतल्या ऑक्सिजननं त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरलेला असतो, आणि तापवलं की तो झपाट्यानं जाड होतो. सोल्डर धातूला चिकटतं, ऑक्साइडला नाही. फ्लक्स तो थर विरघळवतो आणि काम होईपर्यंत नवा धरू देत नाही. मात्र तेल, लॅकर, जुना रंग हे काढणं फ्लक्सचं काम नाही. ते तुमचं.

बाजारात "लिक्विड फ्लक्स" या एकाच नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू मिळतात.

*रोझिनचा फ्लक्स.* रोझिन म्हणजे पाइनच्या झाडाची राळ, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवलेली. रंग चहासारखा, वास औषधाच्या दुकानासारखा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हाच मिळतो. घासून चकचकीत केलेल्या तांब्यावर छान चालतो, पितळेवर कुरकुरत, लोखंडावर जवळजवळ नाहीच.

*झिंक क्लोराइडचा फ्लक्स.* काकांचं "पाणी" हेच. पाण्यात झिंक क्लोराइड, बहुतेक वेळा जोडीला अमोनियम क्लोराइड, आणि थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात जी पांढरी पूड टाकून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचा आणि धुराचा लोट उठायचा, तोच. दोन्ही क्षार एकत्र घालण्यामागे कारण आहे. नुसतं झिंक क्लोराइड २९० अंशांच्या आसपास वितळतं, पण योग्य प्रमाणात नवसागर मिसळला की मिश्रण १८० अंशांजवळच पातळ होतं. म्हणजे सोल्डर वितळतं तेव्हा फ्लक्सही तयार असतो. तांबं, पितळ, जीआय, कल्हईचा पत्रा, साधं लोखंड या सगळ्याला हा चालतो. पत्र्याच्या कामाला हाच घ्या.

*फॉस्फोरिक ॲसिडचा फ्लक्स.* स्टेनलेससाठी. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर फार चिवट असतो, त्याला साधा फ्लक्स पुरत नाही.

*टाकणखाराचा (बोरॅक्सचा) फ्लक्स.* सोनार चांदीचा डाग देताना, म्हणजे चांदीच्या मिश्रधातूनं जोड देताना, वापरतात तो. टाकणखार ७४३ अंशांना वितळतो. तो आयर्नच्या कामाला लावला तर नुसती पांढरी भुकटी बसून राहते. उलट झिंक क्लोराइडचा फ्लक्स लाल तापलेल्या धातूवर लावला तर काम सुरू होण्याआधीच तो धूर होऊन जातो. माझ्या मैत्रिणीनं हा दुसरा प्रयोग बंद स्वयंपाकघरात केला आणि दोन दिवस खोकत होती.

ॲल्युमिनियमचा फ्लक्स वेगळाच असतो आणि त्यात बहुधा फ्लोराइड असतं. तापल्यावर त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. चांदीच्या डागासाठी मिळणाऱ्या तयार फ्लक्सपैकीही बऱ्याच प्रकारांत फ्लोराइड असतं. पहिल्या वर्षी या दोन्हींच्या नादी लागू नका.

३. मिळतो कुठे

पुण्यात रोझिनचा फ्लक्स बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. झिंक क्लोराइडच्या फ्लक्ससाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत वेळ घालवू नका. हार्डवेअर आणि वेल्डिंग सामानाची दुकानं पाहा: पुण्यात रविवार पेठ, बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. एसी-फ्रिज दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडेही विचारा. टाकणखार आणि चांदीचा डाग सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात: झवेरी बाजार, कोल्हापुरात गुजरी, आणि हुपरी तर चांदीकामाचंच गाव.

रेडिएटरवाल्यांना विचारायलाही लाजू नका. पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत, त्यामुळे या फ्लक्सबद्दल त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. आता ॲल्युमिनियमचे रेडिएटर आले आणि त्यांचं हे काम कमी झालं. त्यांच्याकडून शिका जरूर, पण त्यांच्या बाटलीतला फ्लक्स पाण्याच्या बाटलीत ओतून घरी आणू नका. का ते पुढे येतंच.

ऑनलाइन मागवायचा असेल तर आधी विक्रेत्याला विचारा. रोझिनचा फ्लक्स ज्वालाग्राही आणि झिंक क्लोराइडचा क्षरणकारी, त्यामुळे दोन्ही विमानानं पाठवण्यावर निर्बंध असतात. प्रवासात सामानातही घालू नका. माझ्या भाच्यानं परदेशातून "मावशी, चांगल्या कंपनीचा आणतो" म्हटलं, तेव्हा त्याला आवर घालावा लागला.

पहिल्यांदा १०० मिली पुरे. मी दिवाळीआधीच्या दोन महिन्यांत रोज काम करते, तरी तेवढ्यात वर्ष निघतं.

४. लेबल वाचा, आणि लेबल नसेल तर घेऊ नका

"सुपर स्ट्राँग", "ऑल मेटल" ही जाहिरात झाली. घटक शोधा. नावं बारीक अक्षरात असतील तर कॅस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, पाहा. झिंक क्लोराइडचा ७६४६-८५-७, अमोनियम क्लोराइडचा १२१२५-०२-९, रोझिनचा ८०५०-०९-७. विक्रेत्याकडे सेफ्टी डेटा शीट (रसायनाचे धोके आणि काळजी सांगणारा कागद) मागा. सगळे देत नाहीत, पण उत्पादक बरा असेल तर त्याच्या संकेतस्थळावर ती असते.

दोन शब्द फसवे आहेत. "नो-क्लीन" म्हणजे सर्किटवर उरलेला थर तसाच ठेवला तरी चालेल, एवढंच. त्यानं पितळेवर पडलेले तपकिरी डाग आपोआप जात नाहीत. आणि "वॉटर सोल्युबल" म्हणजे सौम्य नव्हे. पाण्यानं धुता येतो, आणि धुवावाच लागतो, असा त्याचा अर्थ.

घरी ॲसिडात जस्ताचे तुकडे टाकून "मारलेलं ॲसिड" करायची जुनी पद्धत तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. करू नका. त्यातून हायड्रोजन सुटतो, तो ठिणगीनं पेटतो. सोबत ॲसिडचे तुषार उडतात. त्यात बाथरूम साफ करायचं ॲसिड वापरलं आणि ते शेजारच्या ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन या विषारी वायूशी गाठ. तयार बाटली सहज मिळत असताना हा उपद्व्याप कशाला?

५. सोबत लागणारं सामान

- बाजूनं बंद असलेला सेफ्टी गॉगल. नेहमीचा चष्मा पुरत नाही
- नायट्राइलचे हातमोजे, पण फक्त ओतताना आणि धुताना. टॉर्च पेटवली की काढून ठेवा, ते वितळून कातडीला चिकटतात
- नायलॉनच्या केसांचा, प्लास्टिकच्या दांड्याचा ब्रश. ब्रशाला पत्र्याची पट्टी असेल तर ती फ्लक्समुळे खाल्ली जाते
- कानस, १८० आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर, चिमटा, बांधायची तार
- ६० ते १०० वॉटची आयर्न. सर्किटची २५ वॉटची आयर्न पत्र्यापुढे थंड पडते, आणि ॲसिड फ्लक्स तिचं टोकही खातो. पत्र्यासाठी वेगळी ठेवा
- आत रोझिन नसलेलं भरीव सोल्डर
- खाण्याचा सोडा, दोन प्लास्टिकचे टब, जुना टूथब्रश
- टेबल फॅन

सोल्डरबद्दल थोडं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना एकदम पाणी होतं. ५०-५०चं १८३ला मऊ व्हायला लागतं आणि पूर्ण पातळ व्हायला दोनशेच्या वर जावं लागतं. मधल्या काळात ते लोण्यासारखं पसरवता येतं, म्हणून पत्र्याच्या फटी भरायला सोयीचं. ज्या वस्तूत खायचं-प्यायचं, किंवा जी लहान मुलांच्या हातात जाणार, तिला शिसं नको. ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांब्याचं घ्या, ते २२७ अंशांना वितळतं. आणि आजीच्या तांब्याला भोक पडलंय म्हणून तुम्ही ते बुजवायला जाल, तर थांबा. पाणी पिण्याच्या भांड्याला हौशी सोल्डरिंग नको.

६. प्रत्यक्ष काम

मी ड्राय बाल्कनीत काम करते. पंखा माझ्या पाठीमागून नव्हे, बाजूनं लावते, म्हणजे धूर चेहऱ्यापासून दूर बाहेर जातो. पाठीमागून लावला तर अंगासमोर भोवरा होऊन धूर नाकाकडेच येतो. रोझिनचा धूर सुगंधी लागतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. तसा तो नाही. सतत हुंगल्यानं दमा जडू शकतो. घरात कोणाला दमा असेल तर काम बाहेरच.

पहिलं, पत्रा घासा. लॅकर असेल तर ॲसिटोननं किंवा वॉटर पेपरनं काढा. तीव्र प्रकाशात पत्रा तिरका धरला की लॅकरची कड दिसते. घासल्यावर सांध्याच्या जागी बोट लावू नका.

दुसरं, तुकडे एकमेकांना घट्ट बसतात का पाहा. फट कागदाच्या जाडीएवढी हवी. तेवढ्या फटीत सोल्डर वातीत तेल चढतं तसं चढतं, मोठ्या फटीतून खाली गळतं.

तिसरं, फ्लक्स ओता, पण झाकणात किंवा छोट्या प्लास्टिकच्या वाटीत. मोठ्या बाटलीत ब्रश बुडवायचा नाही. एकदा बुडवला की ब्रशावरची घाण सगळ्या बाटलीत. काम संपल्यावर वाटीतलं उरलेलं परत बाटलीत नाही.

चौथं, पातळ लावा. नवखे इथंच चुकतात, मीही चुकले. जास्त लावलं की जास्त चिकटेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं पाणी उकळतं, तडतडतं आणि गरम थेंब उडतात. माझ्या मनगटावरचा डाग असल्याच एका थेंबाचा. पत्रा ओलसर दिसेल इतकंच हवं, वाहायला नको.

पाचवं, दोन्ही कडांवर आधी वेगवेगळा सोल्डरचा पातळ थर चढवा. याला कल्हईच म्हणा हवं तर. मग कडा जुळवा, फ्लक्सचा आणखी एक हलका हात फिरवा आणि तापवा. आयर्न पत्र्याला टेकवायची, सोल्डर पत्र्याला लावायचं. आयर्नवर सोल्डर वितळवून ते पत्र्यावर फासलं तर वरून जोड दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखा निघतो. पत्रा पुरेसा तापला की फ्लक्सचे बुडबुडे थांबतात, त्याची काचेसारखी साय होते आणि सोल्डर चमकत धावतं. तो क्षण ओळखता आला की झालं. फ्लक्स काळा पडला तर तो जळलाय. त्यावर आणखी ओतून उपयोग नाही. थंड करा, घासा, पहिल्यापासून.

टॉर्चनं काम करत असाल तर रोझिनची बाटली त्या खोलीतही नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते. जीआयचा पत्रा टॉर्चनं लाल करू नका. त्यावरचं जस्त जळून पांढरा धूर येतो, आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. चांदीच्या डागाकडे पुढे कधी वळलात तर कॅडमियम असलेला डाग कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. सराफी दुकानांच्या पाट्यांवर दिसायचं ते "केडीएम" याच कॅडमियमवरून आलंय. त्याची वाफ जीवघेणी आहे.

७. धुणं

झिंक क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत मिठाची बरणी ओली होते तसं, पण त्याहून जोरात. पत्र्यावर राहिलेला फ्लक्स म्हणूनच कधी पूर्ण सुकत नाही, आणि ओला आहे तोवर धातू खात राहतो. माझा पहिला कंदील दिवाळीत झकास दिसला. माळ्यावरून पुढच्या वर्षी काढला तेव्हा प्रत्येक सांध्याला हिरवी बुरशी लागल्यासारखा थर, आणि दोन पाकळ्या हातात आल्या.

क्रम असा ठेवा. वस्तू हाताला सोसेल इतकी निवली की पहिल्या टबातल्या गरम पाण्यात बुडवा आणि टूथब्रशनं सांधे घासा. मग दुसऱ्या टबात, लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून, पाच मिनिटं ठेवा. मग वाहत्या पाण्याखाली. आधी सोडा आणि मग पाणी असं उलटं केलंत तर झिंकचा पांढरा साका सांध्यातच बसतो आणि निघता निघत नाही. शेवटी कापडानं पुसा आणि उन्हात किंवा हेअर ड्रायरनं कोरडं करा. रोझिन पाण्यानं निघत नाही, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस. आयर्न तेव्हा बंद आणि थंड हवी.

पहिल्या टबातलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. झिंक पाण्यातल्या जिवांना विषारी असतं. मी ते सोड्याच्या टबातच ओतते, रात्रभर ठेवते. सकाळी वरचं पाणी नितळ झालेलं असतं आणि तळाशी पांढरा गाळ. नितळ पाणी भरपूर पाण्याबरोबर सोडून देते. गाळ, सोल्डरचे तुकडे, फ्लक्सनं भिजलेली फडकी वेगळ्या डब्यात साठवते. महापालिकेच्या घातक कचऱ्याच्या संकलनात तो डबा जातो.

हात साबणानं धुवा, नखांखालूनही. शिसं नाकातून जातं त्यापेक्षा हातावरून पोटात जातं. कामाच्या टेबलावर चहाचा कप नको.

८. बाटली ठेवायची कुठे

मी ती हत्यारांच्या कपाटात ठेवली होती. झाकण घट्ट होतं, निदान मला तसं वाटत होतं. पावसाळा संपता संपता कपाट उघडलं तर व्हर्नियर, कानशी, स्क्रू-ड्रायव्हर, सगळ्यांवर तांबूस गंज. शेजारच्या फळीवरचं काहीच गंजलं नव्हतं. या फ्लक्समधून ॲसिडची वाफ किंचित किंचित बाहेर येत राहते, आणि बंद कपाटात तेवढी पुरते. तेव्हापासून बाटली झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, तळाशी मूठभर खाण्याचा सोडा, आणि डबा बाल्कनीत उंच, कुलूपबंद. रोझिनची बाटली वेगळी, शेगडी आणि ऊन दोन्हींपासून लांब.

मूळ बाटलीतच ठेवा. झिंक क्लोराइडचा फ्लक्स पाण्यासारखा दिसतो. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत तो कधीही, पाच मिनिटांसाठीही, नको.

९. काही झालंच तर

डोळ्यात उडाला तर लगेच नळाखाली, पापण्या उघड्या धरून, किमान १५ मिनिटं. डोळ्यात सोड्याचं पाणी घालायचं नाही. नुसतं पाणी. नंतर डॉक्टर, डोळा लाल नसला तरी. कातडीवर पडला तर भरपूर पाणी. पोटात गेला तर उलटी करवू नका. तोंड धुवा, १०८ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. लेबलाचा फोटो मोबाइलमध्ये आधीच काढून ठेवलेला बरा. बाटली हातातून पडून फुटते तेव्हा लेबलही भिजतं.

पहिल्या दिवशी कंदील करायला घेऊ नका. पितळेच्या दोन इंची पट्ट्या कापा, दहा जोड करा, धुवा. त्यातले पाच पक्कडीनं लगेच ओढून तोडा आणि तुटलेल्या जागी सोल्डर दोन्ही बाजूंना चिकटलेलं दिसतंय का ते पाहा. एक बाजू स्वच्छ पिवळी निघाली तर तिथं फ्लक्स पोचला नव्हता किंवा पत्रा तापला नव्हता. उरलेले पाच महिनाभर बाल्कनीत टांगून ठेवा. हिरवे झाले तर धुण्यात कमी पडलात.